आखायचं ते काय?

कादंबरी लिहिण्याआधी आखायची म्हणजे नेमकं काय आखायचं, हा आजचा विषय. असा विषय जाहीर झाला की दोन तऱ्हेचे श्रोते येतात. एकाला वाटतं, चला, आज प्रकरणांचा तक्ता मिळणार. दुसऱ्याला वाटतं, कादंबरी काय आखून होते का, ती आतून यावी लागते. आम्हाला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. पण दुसऱ्याचा राग जास्त येतो, आणि तो का येतो हे सांगण्यातच आजचा बराच वेळ जाणार आहे.

सुरुवात ना. सी. फडक्यांपासून करावी लागते. 'प्रतिभासाधन' १९३१ साली आलं. कथा-कादंबरी लिहिण्याला तंत्र असतं, ते समजावून सांगता येतं आणि शिकता येतं, ही त्यांची भूमिका. आज यात काही विशेष वाटत नाही. पण लेखक व्हायचं तर सरस्वतीचा वरदहस्त डोक्यावर लागतो असं मानणाऱ्या समाजात, ज्याच्या डोक्यावर कुणाचाच हात नाही त्यालाही 'बस, शिक, लिही' म्हणणारं ते पुस्तक होतं. फडक्यांची टिंगल करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, त्यामुळे त्यांच्या या बाजूकडे कुणी बघत नाही.

गडबड पुढे झाली. गुंतागुंत, उत्कंठा, कळस, उकल हे शब्द उत्तरपत्रिकेत जाऊन बसले, आणि त्या धाटणीच्या कादंबऱ्यांचा सुकाळ झाला. त्यांत गाठ बहुतेक गैरसमजाची असते. नायक आणि नायिका पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलली तर कादंबरी संपेल, म्हणून लेखक त्यांना बसू देत नाही. पत्र भलत्याच्या हातात पडतं, गाडी चुकते, कुणीतरी दाराआडून अर्धंच ऐकतं. वाचणाऱ्याला कळतं की गाठ लेखकानं मारलीय आणि वेळ झाली की तोच ती सोडणार आहे.

याला कंटाळून साठच्या दशकात मराठी कादंबरी दुसऱ्या टोकाला गेली असं आपण म्हणतो. खरं तर कादंबरी गेली नाही, कादंबरीबद्दलचं बोलणं गेलं. 'तंत्र' ही शिवी झाली. तिच्या जागी 'अनुभव' आला. अस्सल अनुभव, जगलेला अनुभव, मातीचा वास. माणदेश, वऱ्हाड, कोकण, मुंबईतली झोपडपट्टी, जिथून म्हणून नवं लिखाण आलं त्याची स्तुती याच शब्दांत झाली. वरवर पाहता ही मोठी दाद. पण नीट ऐका. शहरातल्या, शिकल्या घरातल्या लेखकाबद्दल बोलताना आपण रचना, शैली, निवेदन असे शब्द वापरतो. खेड्यातल्या, वस्तीतल्या लेखकाबद्दल बोलताना म्हणतो, काय जगलाय हा माणूस! म्हणजे त्यानं नुसतं जगायचं, आणि कागद आपोआप भरायचे. पुस्तक चांगलं झालं त्याचं श्रेय त्याच्या दारिद्र्याला द्यायचं, त्याच्या डोक्याला नाही.

याची किंमत आज मोजतोय तो नवा लिहिणारा. आमच्याकडे वाचायला हस्तलिखितं येतात. बीड, धाराशिव, नंदुरबार, गडचिरोलीकडची मुलंमुली पाठवतात. पहिली चाळीस पानं अशी असतात की आपण जेवायचं विसरावं. मग कादंबरी जागच्या जागी फिरू लागते. प्रसंगामागून प्रसंग येतात, एकेक सुटा घ्यावा तर उत्तम, पण पुढचं पान उलटायला कारण उरत नाही. साठ-सत्तर पानांवर थांबते. लिहिणाऱ्याला वाटतं आपल्यात दम नाही. दम भरपूर असतो. त्याला फक्त सांगितलेलं असतं की तू जगलायस तेवढं लिही, बाकी काही लागत नाही.

म्हणून आम्ही आज ज्या पुस्तकाकडे जास्त वेळ थांबणार आहोत ते मुद्दाम 'कथानक नसलेलं' म्हणून प्रसिद्ध असलेलं आहे: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. दीडेकशे पानांची कादंबरी. हिच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं की हिच्यात गोष्ट अशी नाही, धनगरांच्या वाडीची चित्रं आहेत. वाचायला तसंच वाटतं हे खरं. पण तसं वाटावं यासाठी काय काय केलंय ते बघू.

पहिली गोष्ट, सांगतो कोण? राजाराम विठ्ठल सौंदणीकर. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर, नेमणुकीचा हुकूम घेऊन वाडीत येतो. आता हाच मजकूर कारभाऱ्याच्या तोंडून सांगून बघा. कारभारी वाडीचा कर्ता माणूस, त्याला वाडीतलं सगळं ठाऊक. आणि म्हणूनच तो काही सांगणार नाही. मेंढरं कधी बाहेर काढतात, घरोघरी माणसं कशी झोपतात, कोण कुणाशी का बोलत नाही, हे त्याला सांगण्यासारखं वाटणारच नाही. मास्तरला ते बघावं लागतं, कारण न बघितलं तर त्याची नोकरी चालत नाही. आणि मास्तर हुकमानं आलेला आहे, म्हणजे एक दिवस जाणार आहे. कादंबरीला सुरुवात आणि शेवट या एका निवडीतून मिळाले. वाडीचं आयुष्य तर आधीही होतं, नंतरही राहील. त्यातला कुठला तुकडा कापायचा हा प्रश्न मास्तरच्या नेमणुकीनं सोडवला.

दुसरी गोष्ट आम्हाला याहून महत्त्वाची वाटते. मास्तर येतो तेव्हा शाळेत पोरं नाहीत. का नाहीत? पोरं मेंढरांमागं आहेत. मेंढरं कुठं? जिथं चारा असेल तिथं. चारा कशावर? पावसावर. पाऊस, चारा, मेंढरं, माणसं, शाळा. ही साखळी सुरुवातीलाच वाचकाच्या हातात पडते, आणि ती उपदेश म्हणून पडत नाही, मास्तरची रोजची अडचण म्हणून पडते. मग मधला सगळा भाग येतो. कारभाऱ्याच्या मदतीनं पोरं जमतात, मास्तर शाळेपलीकडच्या कामांत गुंततो, आयबू येतो, आनंदा रामोशी येतो, शेकूबाची बायको बैलाच्या जागी जूं ओढते, अंजीच्या चोळीवरून मनं बिघडतात. आपण माणसांत रमतो आणि साखळी विसरतो. शेवटी पाऊस पडत नाही. पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून मेंढरं जगत नाहीत, मेंढरं नाहीत म्हणून माणसं वाडी सोडतात, माणसं नाहीत म्हणून शाळा नाही. सुरुवातीला जी साखळी चढत आलो तीच उलट उतरतो.

एखाद्या हौशी लेखकानं शेवटी दुष्काळ आणला असता तर आपण म्हणालो असतो, शेवट सुचेना म्हणून दुष्काळ आणला. माडगूळकरांच्या दुष्काळाबद्दल असं कुणी म्हटलेलं आमच्या ऐकण्यात नाही. तो आधीपासून तिथंच होता, शाळेच्या रिकाम्या खोलीत बसलेला. तंत्र म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आणि एक. तालीम. मास्तरच्या पुढाकारानं वाडी एकत्र येते, श्रमानं तालीम उभी करते, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. हा प्रसंग कुठं ठेवलाय बघा. दुष्काळाच्या आधी. तो दुष्काळानंतर ठेवता आला असता: संकटातून वाडी सावरली आणि तालीम बांधली. प्रसंग तोच, माणसं तीच, तपशील तोच. पण त्या क्रमानं ती ग्रामसुधारणेची गोष्ट झाली असती, सरकारी बक्षीस मिळालं असतं. आहे त्या क्रमात बांधलेली तालीम उभी राहते आणि तिच्यात घुमायला माणूस उरत नाही. अर्थ प्रसंगात नव्हता, दोन प्रसंगांच्या क्रमात होता. आणि क्रम हा अनुभवातून आपोआप येत नाही. अनुभव एकदम, गर्दीनं येतो. क्रम लावावा लागतो.

आता कुणी म्हणेल, माडगूळकरांनी हे सगळं कागदावर आखून ठेवलं होतं काय? त्यांच्या टेबलाशी आम्ही उभे नव्हतो. आराखडा वहीत होता की डोक्यात, एका बैठकीत सुचला की दहा वर्षं मुरला, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पुस्तकात तो आहे, आणि तो बघता येतो, म्हणून शिकताही येतो.

याच्या शेजारी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ठेवा. १९३९. चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीनं परत येतोय, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, त्यांतली एक हॅर्टा. दोघांचं प्रेम जमतं. मघाच्या गैरसमजवाल्या कादंबऱ्यांशी तुलना करा. इथं कुणी पत्र पळवत नाही, कुणी दाराआडून ऐकत नाही. दोघं मनसोक्त बोलतात, वेळच वेळ आहे. आणि वेळच नाही, कारण बोट मुंबईला लागणार आहे. चक्रधर उतरणार, हॅर्टाला उतरता येणार नाही, तिला पुढं जायचंय. बोटीचा मार्ग हेच कथानक. खलनायक लागला नाही, योगायोग लागला नाही. बेडेकरांनी घटना आखण्याआधी जागा आखली: जिथून कुणाला बाहेर पडता येत नाही आणि जी स्वतः थांबत नाही अशी. मग त्या जागेत दोन माणसं सोडली.

फडक्यांच्या विद्यार्थ्यांना जो ताण गाठी मारून मारून आणावा लागत होता तो इथं बोटीच्या वेळापत्रकातून आला. आम्हाला वाटतं मराठीत कथानक शिकवायचं तर पहिलं पुस्तक हे असावं. जाडजूडही नाही, एका दुपारी वाचून होतं.

हरिभाऊंबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर पुष्कळ बोललं गेलंय. 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० च्या सुमाराला 'करमणूक'मधून क्रमशः आली. हप्त्याहप्त्यानं लिहायचं म्हणजे वाचकाला टांगून ठेवायचा मोह पदोपदी. हरिभाऊंनी एक धाडस केलं जे आजचे लिहिणारे करत नाहीत. यमूचे मुंबईतले सुखाचे दिवस त्यांनी भरपूर पानं देऊन लिहिले. नवरा समजूतदार, घर आपलं, वाचन-लेखन, चार मोकळी माणसं. नवा लेखक इथं घाबरतो. काही घडत नाहीये, वाचक कंटाळेल, उरकून टाकू. पण पुढं यमूचं जे होतं, रघुनाथरावांचा मृत्यू आणि मग केशवपन, ते वाचकाला सोसवत नाही ते याच पानांमुळं. काय गेलं हे आपण आधी डोळ्यांनी बघितलेलं असतं. आणि ज्या वेळी यमू सुखात आहे त्या वेळी दुर्गीचे हाल शेजारी चालूच आहेत, म्हणजे वाचक निर्धास्त होऊ शकत नाही. आराखडा करताना आपण अडचणींची यादी करतो. गमावण्यासारखं काय आहे याची यादी कोण करतं?

आता 'कोसला'. १९६३. आराखड्याच्या विरोधात बोलणारे सगळे हिच्या आडोशाला उभे राहतात, म्हणून टाळता येत नाही. नेमाड्यांनी ती फार थोड्या दिवसांत झपाटल्यासारखी लिहिली हे सर्वांना ठाऊक असतं, आणि तेवढंच ठाऊक असतं. मग कोसलाचा सूर उचलला जातो, ती तिरकस बडबड, ते 'वगैरे'. सूर उचलणं सोपं. पण पांडुरंग सांगवीकर पंचविसाव्या वर्षी मागं वळून सांगतोय हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. सांगवीहून पुण्याला जाणं आणि पुण्याहून सांगवीला परत येणं, हा साधा, जवळजवळ भूमितीतला आकार आहे. सगळ्याची टवाळी करणाऱ्या या मुलाच्या वाट्याला मध्येच धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण येतं, आणि तिथं टवाळी चालत नाही. हे मरण पहिल्याच प्रकरणात आलं असतं तर? मग पुढची सगळी थट्टा दुःखी मुलाची थट्टा म्हणून आपण समजून घेतली असती, सहानुभूतीनं. आहे त्या जागी ते आल्यामुळं आपणही त्याच्याबरोबर हसत असताना पकडले जातो. भरभर लिहिलेलं पुस्तक बिनआखणीचं असतं हा समज कोसलानंच मोडायला हवा होता. झालं उलटं.

बरं, एवढं टीकेचं झालं. आता एक काल्पनिक कादंबरी आखून बघू. समजा बीड जिल्ह्यातली एक मुलगी ऊसतोडीवर कादंबरी लिहायला बसलीय. आईबापाबरोबर ती फडावर गेलेली आहे, तपशील तिला तोंडपाठ आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, कारखान्याच्या आसपास कोपी घालायची, भल्या पहाटे फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. तिचा पहिला आराखडा बहुधा असा असेल: गाव सोडणं, प्रवास, कोपी, पहिला दिवस, कुणीतरी आजारी, एक बाळंतपण, एक भांडण, एक मृत्यू, परत गाव. सगळं खरं. आणि हीच ती साठ पानांवर थांबणारी कादंबरी.

तिनं पहिल्यांदा विचारावं की या जगात बोट कुठली? उत्तर तिच्या समोरच आहे. उचल. पैसे आधी घेतलेत, आणि बहुधा खर्चही झालेत. ते टनावर फेडायचेत. म्हणजे प्रत्येक दिवसाला किंमत आहे, आणि एक दिवस गेला की फिटायचं तेवढं राहतं. आता तिच्या यादीतलं आजारपण परत बघा. मघाशी तो एक दुःखद प्रसंग होता. उचलीच्या शेजारी ठेवला की तो प्रश्न होतो: आज कोयता मोडला, म्हणजे दोघांतलं एक पडलं, तर दुसऱ्याबरोबर फडात कोण जाणार? शाळेतली पोरगी? एका प्रसंगातून दुसरा निघाला. तो लेखिकेनं शोधून आणला नाही, त्या व्यवहारानंच पुढं ढकलला. बनगरवाडीत पाऊस जे करतो ते इथं उचल करते.

मग दुसरा प्रश्न, सांगणार कोण. ती मुलगी स्वतः सांगेल हे आपण गृहीत धरतो, कारण अनुभव तिचा. चालेल. पण गावात मागं राहिलेली आजी सांगत असेल तर? तिच्याकडे धाकटी नातवंडं आहेत, आणि फडावरचं तिला फोनवरून कळतं, अर्धंमुर्धं, चांगलं तेवढंच. मग वाचकाला जे कळत नाही त्याची भीती पानापानातून वाढते. आणि मुकादम सांगत असेल तर? तोही कारखान्याकडून पैसे उचलून बसलेला असतो, त्याच्याही मानेवर आकडा असतो. टोळीतलं एखादं जोडपं रातोरात पळालं तर बुडणारा तो असतो. मुकादमाच्या तोंडून ही कादंबरी आली तर वाचकाला आपली बाजू ठरवणं अवघड जाईल, आणि म्हणून ती आम्हाला वाचायला आवडेल. आवडेल म्हणजे सोपी जाईल असं नाही. ज्याच्या हातून आपल्या माणसांचं शोषण झालं त्याच्या डोक्यात तीनशे पानं राहायची, हे त्या मुलीनं का करावं, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. तिनं नाही म्हटलं तर नाही. पण 'तू तुझंच सांग' असं तिला बाहेरून कुणी बजावू नये. शहरातल्या लेखकाला आपण खुनी, राजा, घोडा, कुणीही व्हायची मुभा देतो.

प्रकरणांचे कागद भिंतीवर चिकटवायचे, वही करायची, संगणकावर तक्ता करायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही एवढंच सुचवू की आधी घटना लिहू नका. आधी ती साखळी लिहा: काय कशावर अवलंबून आहे. पाचच शब्दांची असली तरी चालेल, बनगरवाडीची तेवढीच आहे. मग ती कुठं तुटते ते ठरवा. मग घटना लिहा, आणि त्यांतल्या दोनांची अदलाबदल करून बघा. अदलाबदल करूनही काहीच बिघडत नसेल, तर त्या दोन्ही अजून कादंबरीत आलेल्या नाहीत, नुसत्या वहीत आहेत. मधेच पात्रानं आराखडा मोडला तर? मोडू द्या. पण मोडायला तो आधी असावा लागतो. नसलेली भिंत कुणी पाडू शकत नाही.

राहता राहिला शेवट. ऊसतोडीच्या या कादंबरीत हंगाम संपल्यावर हिशोब होतो. मुकादम वही काढतो, टन मोजले जातात, खाडे वजा होतात, आणि उचल फिटली की अंगावर राहिली ते ठरतं. अंगावर राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा याच टोळीत. त्या मुलीनं हा प्रसंग शेवटी ठेवावा असा मोह तिला होईल आणि सगळे तिला तेच सांगतील. आमची सूचना आहे, एकदा तो पहिल्या प्रकरणात ठेवून बघावा. मागच्या हंगामाचा हिशोब, अंगावर राहिलेला आकडा, आणि त्या आकड्यासकट पुन्हा भरत असलेली गाडी. वाचकाला शेवट आधीच माहीत. मग पुढची तीनशे पानं तो कशासाठी वाचेल, हे तिला ठरवावं लागेल, आणि आमच्या मते तिचं खरं काम तिथून सुरू होईल.

आता प्रश्न घेऊ.